एकदाच जाणाऱ्यांना घाईत फिरवू नका

प्रति,
विदर्भातल्या गावागावांतून अंदमानची सहल नेणारे सर्व सहल आयोजक

सप्रेम नमस्कार.

आमच्या गावात समुद्र पाहिलेली माणसं बोटांवर मोजता येतील, पण अंदमान सगळ्यांना माहीत आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पेपरात बातमी येते, ‘मान्सून अंदमानात दाखल’. त्याच दिवशी पारावर बियाण्याच्या पिशव्यांची, उसनवारीची आणि पीककर्जाच्या कागदांची बोलणी सुरू होतात. पाऊस अंदमानात पोचला म्हणजे आपल्या वावरात यायला अजून तीन-चार आठवडे, हा हिशोब आमच्याकडे लहान पोरांनाही येतो. त्यामुळे आमच्या बचत गटातल्या बायांनी एकदा विमानात बसायचंच असं ठरवलं, तेव्हा कुठे जायचं यावर फार चर्चा झाली नाही. एक जण म्हणाली, ‘‘जिथून पाऊस येतो ते तरी पाहू.’’ झालं, तिथेच ठरलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्यात राहते. गेल्या जानेवारीत आम्ही बावीस जणी तुमच्यातल्याच एका आयोजकांबरोबर अंदमानला जाऊन आलो. तीन वर्षं पैसे साठवले होते. कुणी शेळी विकली, कुणी मजुरीतून बाजूला काढले, एकीने पोराच्या लग्नातल्या आहेराचे राखून ठेवले होते ते घातले. ही माणसं दर वर्षी सहलीला जाणारी नाहीत. एकदाच जाणारी आहेत. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

हे पत्र मी आठ महिने लिहिलं नाही. आयोजकांशी फोनवर बोलले, दोनदा भेटले, ‘पुढच्या वेळी सुधारू’ असं त्यांनी सांगितलं आणि मी गप्प बसले. पण यंदा पोळ्याच्या आठवड्यात नवीन हंगामाची पत्रकं हातात पडली. एक नाही, तीन वेगवेगळ्या आयोजकांची. तिन्हींत थोड्याफार फरकाने तेच. साठीच्या वरच्या प्रवाशाचं बुकिंग सोबत तरुण नातेवाईक असेल तरच. सेल्युलर जेल ‘बाहेरून दर्शन व फोटो’. आणि बाराटांग बेटाच्या दिवसापुढे ठळक अक्षरात, ‘जंगलातील आदिमानव पाहण्याची संधी’. हे वाचल्यावर गप्प बसणं मला जमलं नाही.

आधी वयाचं बोलते, कारण ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही रॉस बेटावर गेलो. आता त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. बोट धक्क्याला लागली तेव्हा पाणी हलत होतं. बोट वर-खाली होते, धक्का जागेवर असतो, आणि मधल्या फटीवरून पाय टाकायचा असतो. बैलगाडीतून आणि एसटीतून उतरणाऱ्या माणसाला या उतरण्याची सवय नाही. तुमचा माणूस सगळ्यांच्या आधी उतरून तिकिटांच्या रांगेकडे गेला होता. हात द्यायला कुणी नव्हतं. आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या काकू, वय सदुसष्ट, फटीवर पाय टाकायला गेल्या आणि बोट खाली गेली. त्या धक्क्यावरच पडल्या, देवाची कृपा की पाण्यात नाही. मनगट मोडलं.

तिथल्या सरकारी दवाखान्यात त्यांच्यावर चांगले उपचार झाले. मी त्यांच्याबरोबर होते. दवाखान्यातल्या नर्सनेच मला सांगितलं की सेल्युलर जेलच्या मूळ सात इमारतींपैकी तीनच आता उभ्या आहेत, बाकीच्या पाडल्या आणि त्या जागेवर हा दवाखाना आहे. काकूंचे पुढचे दिवस खोलीवर, हात गळ्यात घेऊन गेले. बाकीच्या जणी संध्याकाळी येऊन त्यांना पाहिलेलं सांगायच्या. त्या ऐकायच्या आणि मान हलवायच्या.

त्या अपघातातून तुम्ही काय शिकलात, ते यंदाच्या पत्रकात दिसतं. धक्क्यावर एक माणूस उभा करायचा सोडून तुम्ही म्हाताऱ्या माणसांनाच काढून टाकलंत. ज्या बाईचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे आणि सून इथे वावर सांभाळते, तिने तरुण नातेवाईक कुठून आणायचा? आणि त्याचे पैसे? आमच्याकडे प्रवासाला सवड मिळते तीच साठीनंतर. आधी लेकरं, मग त्यांची लग्नं, मग नातवंडं. जी वेळ आल्यावर बाई घराबाहेर पडू शकते, नेमकी तीच वेळ तुम्ही बंद केली. मी स्वतः एकसष्टची आहे. तुमच्या नियमाने मीही आता एकटी येऊ शकत नाही.

दुसरं जेलचं.

पहिल्या दिवशी विमान दुपारी उतरलं. आदल्या रात्री अकराला आम्ही गावातून निघालो होतो. नागपूरपर्यंत दीडशे किलोमीटर, मग विमान, मग चेन्नईला पाच तास थांबून दुसरं विमान. खोलीवर पिशव्या टाकल्या आणि लगेच जेलला. आत शिरल्यावर सांगितलं, पाऊण तास. त्यात पंधरा मिनिटं दारातच फोटोत गेली.

या जेलला बांधायला दहा वर्षं लागली, १८९६ ते १९०६. बैलगाडीच्या चाकाला आरे असतात तशा मधल्या मनोऱ्यापासून सात लांबच लांब तीनमजली इमारती निघत होत्या. एका इमारतीच्या कोठड्यांची दारं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे उघडतात, म्हणजे कैद्याला समोर दुसऱ्या कैद्याचं तोंडसुद्धा दिसू नये. हे सगळं मी शाळेत मुलांना शिकवलं होतं. पण कडीची गोष्ट मला माहीत नव्हती. आमच्यातली एक जण एका कोठडीत गेली आणि तिने दार लोटलं. गजातून हात बाहेर काढून कडी लागते का ते पाहू लागली. कडी दारावर नाहीच. ती लांब, बाजूच्या भिंतीत केलेल्या कोनाड्यात आहे. तिने खांद्यापर्यंत हात बाहेर काढला, गाल गजांना टेकला, बोटं ताणली. पोचली नाही. आम्ही चार-पाच जणी बाहेर उभ्या होतो, कुणी बोलत नव्हतं. तेवढ्यात खालून हाक आली, ‘‘चला चला, वरच्या मजल्यावर कोण राहिलंय? शो सुरू होईल!’’

घाण्यापाशीही तेच. तिथे कैद्यांना कोलूला जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायला लावत. आमच्यातल्या एकीच्या सासऱ्यांचा पूर्वी बैलाचा तेलघाणा होता. ती तिथे थबकली आणि हळूच म्हणाली, ‘‘बैलालेही दुपारी सोडते वो बाई. याईले कवा सोडत असन?’’ तिला उत्तर द्यायला तुमचा माणूस तिथे नव्हता. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं. जेवढं तेल ठरलं तेवढं निघेपर्यंत सुटका नाही, कमी पडलं तर फटके, दंडाबेडी. ती पोळ्याला बैलाचे पाय धुणारी बाई आहे. तिला ते एका वाक्यात कळलं.

मधल्या मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर कैद्यांची नावं कोरलेली आहेत. बंगाल, पंजाब, संयुक्त प्रांत, मुंबई असे प्रांत पाडलेले. बाबाराव आणि विनायकराव सावरकर दोघे भाऊ याच जेलमध्ये होते, उल्हासकर दत्त, बारींद्र घोष इथेच होते. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहन किशोर नामदास, मोहित मैत्र इथेच गेले. आमच्यात दोघीच जणी सरळ वाचणाऱ्या. त्या मोठ्याने वाचत होत्या आणि बाकीच्या ऐकत होत्या, नाव झालं की हात जोडत होत्या. अर्धी पाटी झाली आणि वेळ संपला.

हे स्मारक ११ फेब्रुवारी १९७९ रोजी राष्ट्राला अर्पण झालं. राष्ट्राला म्हणजे आम्हालाही. आणि यंदा तुम्ही ते ‘बाहेरून दर्शन’ करून टाकलं. त्या वाचलेल्या वेळात काय, तर नॉर्थ बेच्या किनाऱ्यावर पाण्यातले खेळ, त्याचे पैसे वेगळे. खेळ ज्यांना हवेत त्यांनी जरूर खेळावेत, माझी तक्रार नाही. पण सदुसष्ट वर्षांच्या बाईला काचतळाच्या बोटीचे वेगळे पैसे मागायचे आणि जेलची कोठडी मात्र दाखवायची नाही, हे मला पटत नाही.

नॉर्थ बेवरून आठवलं. जुन्या वीस रुपयांच्या नोटेवर मागच्या बाजूला माडांच्या मधून समुद्र आणि दीपगृह दिसतं ना, ते चित्र याच किनाऱ्याचं, जवळच्या डोंगरावरून पाहिलेलं. ही गोष्ट आम्हाला परत येताना धक्क्यावरच्या चहावाल्याने सांगितली. एकीच्या बटव्यात तशी जुनी नोट निघाली. सगळ्या जणी ती नोट हातात घेऊन मागे वळून पाहू लागल्या, पण बोट तोवर दूर गेली होती. दोन तास आम्ही त्या किनाऱ्यावर होतो. एका वाक्यात सांगता आलं असतं.

आता वेळेचं. हे तुम्हाला किरकोळ वाटेल, पण निम्मी सहल यात वाया गेली.

अंदमान नागपूरच्या साडेतेरा अंश पूर्वेला आहे. घड्याळ मात्र तेच. म्हणजे तिथे सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ तासभर आधी डोक्यावर येतो. जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास तो बुडतो आणि साडेपाचनंतर चांगला अंधार पडतो. तुमचं वेळापत्रक मात्र नागपूरचं. नऊला नाश्ता, अडीचला जेवण, चारला चहा. स्वराज द्वीपवर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, आम्हाला राधानगरचा किनारा पाहायचा होता. पश्चिमेकडे तोंड असलेला, सूर्यास्तासाठी नावाजलेला. जेवून, आडवं होऊन, चहा घेऊन आम्ही साडेचारला निघालो. पोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकून गेलेला. बायांनी नुकती लुगडी वर खोचून पाय पाण्यात घातले होते, तोच किनाऱ्यावरचे रक्षक शिट्ट्या वाजवत आले, ‘बाहेर या, बाहेर या’. त्यांचं बरोबर होतं, तिथल्या पाण्यात मगरींची भीती असते आणि अंधारात कुणाला उतरू देत नाहीत. पण ज्या एका संध्याकाळसाठी तीन वर्षं पैसे भरले ती दहा मिनिटांची झाली. एकीने जाता जाता ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं, आणि म्हणाली, ‘‘खारटच हाये रे बाप्पा. मग पाऊस गोड कसा येते?’’ याचं उत्तर देत मी अंधारात बसपर्यंत चालत आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठवलं असतं तर उजाडताना समुद्र दिसला असता. आमच्या बाया पहाटे चारला उठतात, त्यांना ते जड नव्हतं. खोलीवर नाश्त्याची वाट पाहत त्या तीन तास बसून राहिल्या.

बाराटांगबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

तिथे चुनखडीच्या गुहा आहेत, चिखलाचा ज्वालामुखी आहे, कांदळवनातून जाणारी होडीची वाट फार सुंदर आहे. पण रस्ता जारवा या तिथल्या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या थांबवतात आणि ठरलेल्या वेळी सगळ्या एका ताफ्यात सोडतात. वाटेत थांबायचं नाही, खिडकीतून काही द्यायचं नाही, फोटो काढायचा नाही. १९५६ पासून त्यांच्या संरक्षणाचा कायदा आहे, तो मोडला तर तुरुंगवास होतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हा रस्ता त्या भागात बंद करायला सांगितलं होतं. नाक्यावर पाट्या लावल्या आहेत, हिंदीतही आहेत. नियम वाचता येत नाही अशी सबब कुणाला नाही.

आणि आमच्या बसमध्ये तुमच्या माणसाने माइक घेऊन काय सांगितलं? ‘‘पडदे सारा, डावीकडे बघत राहा, नशीब असेल तर दिसतील. मोबाइल खाली धरून काढा, म्हणजे पोलिसांना दिसत नाही.’’

आमच्या गटात एक ताई कोलाम समाजातली आहे, जवळच्याच पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर राहणारी. तिने पडदा ओढून घेतला. मला विचारलं, ‘‘काहून वो बाई, माणसं पाहाले चाललो का आपण?’’ मला बोलता आलं नाही. ती मग तोंड पदराने झाकून बसली, घाटभर. परतीच्या होडीत तिने सांगितलं की लहानपणी त्यांच्या पोडावरही गाड्या यायच्या. माणसं उतरायची, पोरांना ओळीत उभं करून फोटो काढायची, बिस्किटाचे पुडे द्यायची आणि जायची. ‘‘नाव कोणी पुसे नाही,’’ म्हणाली.

तुम्हाला कदाचित माहीत नसेल म्हणून सांगते. सरकारच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या ज्या यादीत अंदमानचे जारवा आहेत, त्याच यादीत आपले कोलाम आहेत, आपले माडिया आहेत. तुम्ही यवतमाळच्या, चंद्रपूरच्या, गडचिरोलीच्या माणसांना पत्रक वाटता आणि त्यावर ‘आदिमानव’ छापता. ते पत्रक कुणाच्या हातात पडतं याचा विचार छापताना करायला हवा होता. आणि ही गोष्ट नुसत्या मनाला लागण्याची नाही. जारवांचा बाहेरच्या माणसांशी संबंध वाढला तो १९९७-९८ नंतर, आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्याला जे दुखणं आठ दिवसांचं, ते त्यांना संपवू शकतं. खिडकीतून फेकलेला चिवड्याचा पुडा हा उपकार नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. बोटीच्या तिकिटाला आधारवरचंच नाव लागतं हे आधी न सांगितल्याने दोघींचा धक्क्यावर खोळंबा झाला. जॉली बॉय बेटावर प्लास्टिक चालत नाही हे तिथे पोचल्यावर कळलं, तेव्हा बायांनी घरून बांधून आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीच्या पिशव्या काढून ठेवाव्या लागल्या. नियम चांगला आहे, आधी सांगितला असता तर डबे आणले असते. बोट लागणाऱ्यांसाठी कुणाजवळ एक गोळी नव्हती. आणि जानेवारीत आम्हाला कापूस वावरात टाकून यावं लागलं. तिसरी वेचणी व्हायची होती, मजूर मिळत नव्हते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे कोरडी हवा असते, समुद्रही बराच शांत असतो, आणि इकडे कापूस-तुरीची कामं आटोपलेली असतात. मग गावच्या माणसांची सहल डिसेंबर-जानेवारीतच का?

आमचं मागणं असं आहे.

वयाची अट काढा. त्याऐवजी दर दहा प्रवाशांमागे हात द्यायला एक माणूस ठेवा, आणि बोटीत चढता-उतरताना तो धक्क्यावर सगळ्यांत शेवटपर्यंत उभा राहील असं पत्रकात लिहून द्या. ज्याला ज्या बेटावर उतरायचं नाही त्याला मागे राहू द्या, पण ते त्याने ठरवावं.

सेल्युलर जेलला सकाळचा वेळ द्या, किमान तीन तास, पहिल्या दिवशी थकल्या अंगाने नाही. मराठीत नीट सांगणारा माणूस सोबत द्या. जमलं तर व्हायपर बेटही ठेवा. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारणाऱ्या शेर अलीला १८७२ मध्ये फाशी दिली ते ठिकाण. सेल्युलर जेल बांधण्याआधीही काळं पाणी होतं, पहिले कैदी १८५८ मध्येच उतरवले होते, हे आमच्या बायांना ऐकायचं आहे.

दिवस पहाटे पाचला सुरू करा, अकराला जेवण द्या, तीनला किनाऱ्यावर न्या.

पत्रकातून ‘आदिमानव’ हा शब्द आणि ते वाक्य आजच काढा. बाराटांगला न्यायचं असेल तर नियम बसमध्ये मराठीत वाचून दाखवा आणि तुमच्या माणसाने ते स्वतः पाळावेत. पाळता येत नसतील तर तो दिवस वगळा. त्या ऐवजी चिडिया टापूच्या किनाऱ्यावर न्या, आमची कुणाची हरकत राहणार नाही.

गावांसाठी एक तरी तारीख फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेवा. वेगळे पैसे कशाकशाचे लागतील ते आधी कागदावर द्या.

हे पत्र मी तालुक्यातल्या इतर बचत गटांनाही पाठवत आहे. दोन गटांनी पुढच्या हंगामासाठी पैसे साठवले आहेत आणि कुणाबरोबर जायचं हे त्यांचं अजून ठरलेलं नाही. पोळ्याच्या आठवड्यात छापलेली पत्रकं तुम्ही बदलली की नाही, हे पाहून त्या ठरवतील.

आणि आमच्या काकूंचं मनगट आता बरं आहे. परवा त्यांनी माझ्याकडे पहिले पाचशे रुपये आणून दिले. त्यांना फेब्रुवारीत पुन्हा यायचं आहे, कारण पडल्यानंतर त्यांनी समुद्र पाहिला तो फक्त दवाखान्याच्या खिडकीतून. त्या आता अडुसष्टच्या आहेत आणि त्यांच्यासोबत तरुण नातेवाईक नाही. त्यांचं बुकिंग घ्याल का, तेवढं कळवा.

आपली,
एक सेवानिवृत्त शिक्षिका
तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ